दप्तरखाना : खर्डे, पाठकोरे कागद आणि एका प्राध्यापकाच्या पेट्या

मागच्या अंकात बोलता बोलता मी स्टुअर्ट हॉल या संस्कृतीच्या अभ्यासक प्राध्यापकांचं नाव घेतलं होतं. जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा, १९३२चा. १९५१मध्ये शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले ते कायमचे इंग्लंडचे झाले. २०१४मध्ये वारले. त्यांचे कच्चे खर्डे, टिपणं आणि पत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या ग्रंथालयात पेट्यांमधून जपून ठेवली आहेत, एवढंच मी लिहिलं होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली चार इथे घेते.

नाशिकहून एक निवृत्त अभियंते लिहितात : बाई, मी सार्वजनिक बांधकाम खात्यात ३३ वर्षं पूल बांधले. काँक्रीट पक्कं झालं की आम्ही सेंट्रिंग काढतो. त्या फळ्या कुणी संग्रहालयात ठेवत नाही. तुमच्या त्या हॉलसाहेबांचं पुस्तक छापून झालं, मग खर्डे कशाला जपायचे? सरळ सांगतो, मला हा विद्वानांनी विद्वानांचा केलेला लाड वाटतो.

साहेब, सरळ विचारलंत ते बरं केलंत. पहिली गोष्ट म्हणजे, तुम्ही ज्या पुलाबद्दल बोलताय तो बऱ्याचदा बांधलाच गेला नव्हता. एवढं नाव झालेल्या या माणसाने एकट्याच्या नावावर एक सलग, जाडजूड प्रबंधग्रंथ असा लिहिलाच नाही. कादंबरीकार हेन्री जेम्सवरची पीएचडी १९५०च्या दशकात अर्धवट सोडली ती सोडलीच. त्यांच्या नावावर आहेत ते निबंध, भाषणं, संपादनं आणि चारचौघांबरोबर मिळून लिहिलेली पुस्तकं. १९८३मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात त्यांनी एक व्याख्यानमाला दिली. ती पुस्तकरूपाने आली २०१६मध्ये, म्हणजे व्याख्यानांनंतर ३३ वर्षांनी आणि त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. मधली सगळी वर्षं ती कागदांवरच होती. कुणी आवराआवरीच्या झटक्यात ते कागद रद्दीत घातले असते, तर आज ते पुस्तक नसतं.

दुसरी गोष्ट सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

१९६४मध्ये रिचर्ड हॉगार्ट यांनी बर्मिंगहॅमला एक छोटं केंद्र काढलं : सेंटर फॉर कंटेम्पररी कल्चरल स्टडीज. पैसे दिले पेंग्विन प्रकाशनाच्या अ‍ॅलन लेन यांनी. त्याआधी १९६०मध्ये पेंग्विनवर अश्लीलतेचा जो गाजलेला खटला झाला, त्यात हॉगार्ट बचावाच्या बाजूने साक्षीला उभे राहिले होते. हॉल तिथे पहिल्याच वर्षी आले, १९६८पासून केंद्राचं काम बघायला लागले आणि १९७९पर्यंत राहिले. अभ्यास कशाचा, तर लोक टीव्हीवर काय बघतात, पोरं कसले कपडे घालून चौकात उभी राहतात, बायकांच्या मासिकांत काय छापून येतं, याचा. आपल्याकडे कुणी 'लग्नपत्रिकेच्या मजकुराचा अभ्यास करतो' म्हणालं तर विभागप्रमुख कसं बघतील, तसंच तिथलेही बघत. शिकवणारे जेमतेम तीनजण, विद्यार्थी त्यांच्या कितीतरी पट, आणि या विषयाचं पाठ्यपुस्तक जगात कुठेच नाही. मग वाचलं की लिहायचं, लिहिलं की गटासमोर ठेवायचं, आणि सायक्लोस्टाइल करून वाटायचं. यातूनच केंद्राचे 'स्टेन्सिल' निबंध निघाले. १९७१पासून त्यांनी 'वर्किंग पेपर्स' नावाचं नियतकालिकही काढलं. काम चालू आहे, ओलं आहे, हात लावू नका, अशी पाटीच जणू नावात लावलेली.

सायक्लोस्टाइल म्हणजे काय, हे चाळिशीच्या आतल्या वाचकांना सांगायला हवं. टाइपरायटरची फीत बाजूला सरकवायची आणि मेण लावलेल्या कागदावर नुसतेच ठोके मारायचे. अक्षराच्या जागी कागदाला भोक पडतं. चूक झाली तर नखाला लावायच्या रंगासारखा एक गुलाबी द्रव लावून, वाळवून, परत ठोकायचं. मग तो कागद यंत्राच्या रुळावर चढवून हाताने चाक फिरवायचं. संध्याकाळपर्यंत बोटं, पदर, चहाचा कप, सगळं काळं. मी हे काम दोन वर्षं केलं आहे. आपल्याकडे १९५०च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या पोरांनी काढलेलं 'शब्द' याच यंत्रातून बाहेर आलं होतं. ज्याला छापखाना परवडत नाही त्याचा हा छापखाना.

तर या स्टेन्सिल निबंधांतला सातव्या क्रमांकाचा निबंध १९७३चा, हॉल यांचा. टीव्हीवरचा मजकूर तयार करणारा त्यात एक अर्थ भरतो आणि बघणारा तो आपल्या परीने काढून घेतो, असं त्याचं सूत्र. बघणाऱ्याला तीन वाटा असतात : दिलेला अर्थ मुकाट घेणं, थोडा घेऊन थोडा आपल्या सोयीने वळवणं, किंवा साफ उलटा लावणं. हॉल यांचं उदाहरण कामगाराचं आहे. देशहितासाठी पगारवाढ रोखली पाहिजे हे बातम्यांत ऐकून तो मान डोलावतो, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या कारखान्यात पगारासाठी संपाला तयार असतो. मधली वाट ती ही. आमच्या शेजारच्या काकू मालिकेतल्या सोशिक सुनेचं कौतुक करता करता स्वतःच्या सासूला कसं गप्प बसवलं ते रंगवून सांगतात, तेव्हा मला हाच निबंध आठवतो.

जगभर हा निबंध वाचला जातो तो मात्र १९८०च्या पुस्तकातल्या रूपात. नाव आखडलेलं, मजकूर छाटलेला, गुळगुळीत. १९७३चा सायक्लोस्टाइल विद्यापीठाने स्कॅन करून खुला ठेवला आहे. मी तो इथे घरी बसून वाचला आणि पुस्तकातल्या निबंधाशेजारी ठेवला. जुन्यात टीव्हीवरच्या काउबॉयपटांवर चांगला लांब मजकूर आहे, तो पुढे गळला. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तो निबंध कुठे वाचला गेला हे जुन्या प्रतीवर आहे. सप्टेंबर १९७३, लेस्टर विद्यापीठ, युरोप परिषदेने भरवलेलं चर्चासत्र. लेस्टरला तेव्हा जनसंज्ञापनाच्या, म्हणजे मास कम्युनिकेशनच्या, संशोधनाचं मोठं केंद्र होतं. तिथली मंडळी मजकुराची मोजदाद करायची, आकडेवारी काढायची. पुढे एका मुलाखतीत हॉल यांनी सांगून टाकलं की त्या निबंधाचा रोख त्यांच्यावरच होता. म्हणजे हा गृहस्थ त्यांच्याच ओसरीवर बसून त्यांच्याशी भांडून आला होता! १९८०चं पुस्तक वाचताना वाटतं, कुणी ऋषी एकांतात बसून सिद्धांत सांगतो आहे. भांडण दिसतं ते खर्ड्यात.

आता तुमच्या पुलाकडे येते. पुलाला तडा गेला की चौकशी समिती आधी काय मागते? एमबी, म्हणजे मेझरमेंट बुक, मोजमापाची वही. कोणत्या तारखेला किती माल पडला, कुणी मोजला, कुणी सही केली, खाडाखोड कुणाच्या हातची. तुम्ही तुमच्या एमबी फेकून दिल्या होत्या का? नाही ना? खर्डा ही प्राध्यापकाची एमबी असते हो, सेंट्रिंग नव्हे.

कोल्हापूर जिल्ह्यातून एक वाचक लिहितात : बाई, माझे सासरे मराठीचे प्राध्यापक होते. तमाशाच्या जाहिराती, कॅलेंडरवरची देवांची चित्रं, सिनेमाची पोस्टरं, असल्या गोष्टींवर आयुष्यभर लिहीत राहिले. थोडं छापलं, बरंचसं राहिलं. गेल्या आषाढात ते गेले. मागे तीन लोखंडी ट्रंका, पलंगाखाली दोन खोकी आणि खुंटीला चार पिशव्या भरून कागद आहेत. एका ग्रंथालयाला विचारलं तर म्हणाले, पुस्तकं घेऊ, कागद नकोत. आता धाकटे दीर ते सगळे तारीखवार लावायला बसले आहेत आणि एकसारख्या प्रतींतली एक ठेवून बाकीच्या रद्दीत घालताहेत. मिस्टर म्हणतात, तू यात पडू नकोस. मी पडू का?

ताई, पडा. आधी दिरांना चहा द्या आणि तिथून उठवा. वाईट नका वाटून घेऊ. ते मनापासून करताहेत, पण कागदांचा घात वाळवीपेक्षा जास्त अशा मनापासून करणाऱ्यांनीच केला आहे. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

नोकरीला लागून मला चार वर्षं झाली होती. एका दिवंगत प्राध्यापकांचे कागद आमच्याकडे आले, पायजम्याच्या नाडीने बांधलेल्या गठ्ठ्यांत. मी हुशार, उत्साही. सगळ्या नाड्या सोडल्या. भक्तिसंगीत एकीकडे, नाटक दुसरीकडे, घरगुती कागद तिसरीकडे असं महिनाभर लावत बसले. साहेबांनी पाठ थोपटली. पंधरा वर्षांनी एक संशोधक मुलगी आली. प्राध्यापकांनी नाट्यसंगीतावरचं पुस्तक चौथ्या प्रकरणात का थांबवलं, एवढाच तिचा प्रश्न होता. माझ्या विषयवार फायलींमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. मला मात्र अंधुक आठवत होतं की त्या चौथ्या प्रकरणाच्या गठ्ठ्यात बँकेची एक नोटीस आणि दवाखान्याचे कागद होते. कोणता कागद कोणत्या पानापाशी होता? ते मीच मोडलं होतं. तिला काय सांगणार? 'बहुतेक' म्हणाले. त्या मुलीने पेन्सिल खाली ठेवली ते अजून डोळ्यासमोर आहे.

म्हणून माझं ऐका. माणूस कागद ज्या शेजाराने ठेवतो, तो शेजारही एक कागदच असतो. तारीखवार लावायचं असेल तर ते कागद न हलवता यादीत लावता येतं. काहीही उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा : ट्रंक उघडी, वरून, मग थर काढत काढत. प्रत्येक गठ्ठ्याला साध्या पेन्सिलीने नंबर द्या आणि वहीत लिहा : 'ट्रंक २, डाव्या कोपऱ्यात, तिसरा गठ्ठा, सुतळी.' खुंटीवरच्या पिशव्या तर आधी घ्या. खुंटीला असतं ते चालू काम. शेवटच्या महिन्यांत सासऱ्यांच्या डोक्यात काय होतं ते त्या चार पिशव्यांत असणार.

आणि त्या 'एकसारख्या' प्रती रद्दीतून आजच्या आज परत आणा. सायक्लोस्टाइल किंवा झेरॉक्सच्या पाच प्रती समासापर्यंतच सारख्या असतात. एका समासात सासऱ्यांची पेन्सिल असेल, दुसऱ्यात एखाद्या विद्यार्थ्याचं 'हे पटत नाही सर' असेल. बर्मिंगहॅमच्या त्या केंद्रात काम गटागटाने चालायचं. १९७८चं त्यांचं गाजलेलं पुस्तक आहे, ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या लुटालुटीची भीती कशी उठवली गेली त्यावरचं. त्यावर पाच लेखकांची नावं आहेत आणि ते लिहायला सहाएक वर्षं लागली. अशा कामात कुठलं वाक्य कुणाचं हे छापील पानावरून कधीच कळत नाही. कळलं तर हस्ताक्षरावरून. त्याच वर्षी तिथल्या बायकांच्या अभ्यासगटाने स्वतःचं पुस्तक काढलं, तेही असंच मिळून. सासऱ्यांच्या कागदांत अनोळखी अक्षर दिसलं की फेकायचं नाही. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोटो पाठवून 'हे कुणाचं अक्षर?' विचारायचं. हे मात्र वर्षभरात करा. विद्यार्थीही आता सत्तरीला आलेले असतील.

बाकी व्यवहार. रबरबँड काढा, वितळून चिकटलेले असतील तर ओढू नका. गंजलेली टाचणी कागद धरून हळू सोडवा. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर अजिबात नको, ते कागदाला जिवंत पुरण्यासारखं आहे. कडक उन्हात वाळवू नका, सावलीत पंख्याखाली पसरा. ट्रंक जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवा आणि पावसाचा मार बसणाऱ्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. कसर दिसली तर तो गठ्ठा आधी वेगळा करा. फॅक्सचा तो चकचकीत गुळगुळीत कागद सापडला तर लगेच झेरॉक्स काढा. त्यावरची अक्षरं उडतात, आणि उडाली की कुणाचा बाप परत आणू शकत नाही. सायक्लोस्टाइलची शाई टिकते, कागद मात्र हलका असतो, घडीवर तुटतो. त्याला सरळ ठेवा, घडी परत घालू नका.

ग्रंथालयाने 'कागद नकोत' म्हटलं त्याचा राग मानू नका. त्यांनी ट्रंका पाहिल्या, यादी पाहिली नाही. चार पानांची यादी घेऊन परत जा, दुसरीकडेही जा. घेतो म्हणाले तर दानपत्रावर सही करण्याआधी विचारा : संग्रह एकत्र ठेवणार का, यादी किती दिवसांत करणार, नको असलेलं परस्पर रद्दीत घालणार की आधी आम्हाला विचारणार. विद्यार्थ्यांचे गुण, कुणाच्या शिफारशी, कुणाची रडगाण्याची पत्रं असतील, तर ती काही वर्षं बंद ठेवायची अट घालता येते. आणि एक, दुसऱ्यांनी सासऱ्यांना लिहिलेली पत्रं कागद म्हणून तुमची, मजकूर म्हणून लिहिणाऱ्याची. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साधारणपणे ६० वर्षं तो हक्क वारसांकडे राहतो. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.

मिस्टरांना सांगा, राजवाड्यांनी गावोगाव वणवण करून जे कागद मिळवले, ज्यांतून १८९८मध्ये 'साधनां'चा पहिला खंड निघाला, तेही कुणाच्या तरी माळ्यावरचे अडगळ म्हणून पडलेले, रुमालात बांधलेले गठ्ठेच होते. हॉल यांच्या पत्नी कॅथरीन हॉल स्वतः इतिहासकार आहेत, त्यामुळे कागदांचं मोल काय हे त्या घरात कुणाला सांगावं लागलं नसेल. तुमच्या घरात ते काम तुमच्याकडे आलं आहे.

बर्मिंगहॅमहून एक विद्यार्थिनी लिहिते : मावशी, मी साताऱ्याची, इथे एम.ए. करते. आई तुमचं सदर मला फोटो काढून पाठवते. परवा पहिल्यांदाच कॅडबरी रिसर्च लायब्ररीत जाऊन त्या केंद्राच्या कागदांची पेटी मागवली. पेन काढून ठेवायला लावला, पेन्सिल घेतली, शाळेत गेल्यासारखं वाटलं. पण खरी अडचण पुढे आली. निम्म्या कागदांवर तारीखच नाही! मी कोणता कागद कधीचा ते कसं ठरवू?

अगं, तारीख नाही म्हणून घाबरतेस काय? मजा तिथेच आहे. आधी एक सांगते. त्या ग्रंथालयाच्या नावातले कॅडबरी म्हणजे तेच, चॉकलेटवाले. त्या घराण्यातल्या एडवर्ड कॅडबरींनी १९२०च्या दशकात अल्फोन्स मिंगाना या विद्वानाला मध्यपूर्वेतून हस्तलिखितं आणायला पैसे पुरवले. त्या संग्रहात कुराणाची दोन पानं निघाली. त्यांच्या चामड्याची कार्बन चाचणी झाली आणि २०१५मध्ये जाहीर झालं की ते इसवी सन ५६८ ते ६४५च्या दरम्यानचं आहे. त्याच छपराखाली तुझी सायक्लोस्टाइलची पानं आहेत. पेन्सिलीचा नियम दोघांना एकच. तेव्हा शाळा म्हण, पण शाळा चांगली आहे.

आता तारखा. कागद उलटा कर. प्राध्यापक लोक जात्याच पाठकोऱ्या कागदांवर लिहिणारे. खर्डा एका बाजूला आणि मागे एखाद्या बैठकीची सूचना, तारखेसकट. मग तो खर्डा त्या तारखेच्या आधीचा असूच शकत नाही. नंतरचा किती, ते मात्र त्यावरून सांगता येत नाही. हा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. भले भले इथे घसरतात.

पत्ता बघ. हॉल १९७९मध्ये बर्मिंगहॅम सोडून मिल्टन कीन्सच्या ओपन युनिव्हर्सिटीत गेले आणि १९९७पर्यंत तिथे होते. मिल्टन कीन्सचा छापील मथळा असलेल्या कागदावरचं टिपण १९७९च्या आधीचं नाही. उलट बर्मिंगहॅमच्या जुन्या मथळ्याचे उरलेले कागद घरी नेऊन पुढे दहा वर्षं कच्च्या कामाला वापरलेले असू शकतात, तेव्हा त्यावर विसंबू नकोस. फोन नंबर बघ : तुझ्या शहराचा कोड आज ०१२१ आहे. १६ एप्रिल १९९५ला देशातल्या बहुतेक कोडमध्ये शून्यानंतर एकचा आकडा घुसवला. त्याआधी तो ०२१ होता. पैशांचा हिशेब शिलिंगात असेल तर १५ फेब्रुवारी १९७१च्या आधीचं काही तरी तुझ्या हातात आहे, कारण त्या दिवशी त्यांनी दशमान चलन लागू केलं. फूलस्केप कागद ए-फोरपेक्षा लांब असतो, आणि सत्तरच्या दशकात ए-फोर त्याची जागा घेत गेला. म्हणून फूलस्केप दिसला की जुन्याकडे झुकायचं, पण शपथ घ्यायची नाही. टाइपरायटरचं एखादं अक्षर फुटकं असतं, एखादं ओळीच्या वर उडी मारतं. तारखेच्या पत्रात आणि बिनतारखेच्या खर्ड्यात तेच फुटकं अक्षर भेटलं की दोघं एका यंत्राची भावंडं.

(हेच इथेही चालतं. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला. लिफाफ्यावर नुसतं 'पुणे ३०' असेल तर बहुधा त्याआधीचं, ४११०३० असेल तर नक्कीच त्यानंतरचं. बहुधा आणि नक्की, दोन्ही शब्द नीट वाच. जुनी सवय लोक पिनकोडनंतरही वर्षानुवर्षं सोडत नव्हते. माझी आई तर शेवटपर्यंत 'पुणे ३०' लिहायची आणि पत्रं पोचायची.)

फोटो काढायचे तर आधी टेबलावरच्या बाईंना विचार आणि त्यांचा अर्ज भर. तिकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो. अभ्यासाला फोटो घेणं वेगळं, इन्स्टाग्रामवर टाकणं वेगळं.

आणि एक दिवस पेटी सोडून बसने हँड्सवर्थला जा. मघाशी कोल्हापूरकडच्या ताईंच्या पत्राला उत्तर देताना पाच लेखकांच्या पुस्तकाबद्दल लिहिलं, त्याची सुरुवात तिथे झाली. नोव्हेंबर १९७२मध्ये तिथे एका माणसाला मारहाण करून लुटलं. मार्च १९७३मध्ये तीन पोरांना शिक्षा झाली, एकाला २० वर्षं, दोघांना दहा-दहा. शिक्षेचा आकडा ऐकून केंद्रातली मंडळी हादरली. बचावासाठी त्याच वर्षी एक पत्रक निघालं, त्याचं नावच 'वीस वर्षं'. त्या पत्रकापासून १९७८च्या जाड पुस्तकापर्यंतची वाट कागदांवरच तपासता येते, आणि तू त्या कागदांपासून हाकेच्या अंतरावर राहतेस. ज्या विद्यापीठाने २००२मध्ये तो विभाग बंद केला, त्याच विद्यापीठाचं ग्रंथालय आता त्याच्या चिठ्ठ्याचपाट्या जपतं आहे, हेही जाता जाता लिहून ठेव. कागद सापडला की मला कळव. आईला सांग, सदराचा फोटो सरळ धरून काढायचा. मागच्या वेळी खालच्या ओळी कापल्या होत्या असं तूच लिहिलं आहेस.

सांगलीहून एक वाचक विचारतात : बाई, राग येणार नसेल तर एक विचारतो. तुमचे स्वतःचे कागद कसे ठेवले आहेत?

राग कसला. वाईट ठेवले आहेत. नोकरीतली टिपणं माळ्यावर, पत्र्याच्या पिठाच्या डब्यात. उंदीर नाही, पण पीठ थोडं होतं, त्याला पोरकिडे झाले. या सदराचे खर्डे स्वयंपाकघरातल्या कपाटात, डब्यांच्या मागे. भाचीला सांगून ठेवलंय की डबे काढ पण खर्ड्यांचा क्रम मोडू नकोस. ती 'हो मावशी' म्हणते आणि मोबाइल बघते.

तुमचं हे पत्र त्याच कपाटात आहे. पाठकोरं होतं म्हणून मागच्या बाजूला वाण्याची यादी लिहिली गेली : तूरडाळ २ किलो, पोहे, गूळ, काड्यापेटी. भाव लिहिलेले नाहीत. आता लिहून ठेवते.